यात्रेतलं मेंदीचं दुकान

देगलूर, मुखेड, बिलोलीकडच्या आणि सीमेपलीकडं मदनूरकडून ऐकणाऱ्या सगळ्या मावशा, अक्का आणि पोरींनो, आज आम्ही मेंदीबद्दल बोलणार आहोत. घरच्या मेंदीबद्दल नाही, यात्रेतल्या मेंदीबद्दल. म्हणजे दोन बांबू, एक ताडपत्री, एक चटई टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांचे हात रंगवून चार पैसे गाठीला बांधायचे, त्याबद्दल.

आमचा गट दहा जणींचा. त्यातल्या चौघी यात्रेला जातो. तिघी मेंदी काढतात, चौथी पैसे आणि गर्दी सांभाळते. चौघींपैकी दोघींच्या घरी नागपंचमीला मेंदी लागते आणि दोघींच्या घरी चाँदरातीला. दोन्हीकडची बोटं एकाच चटईवर बसली की नक्षी कशी होते ते तुम्ही येऊन बघा. एकीचा हात भरगच्च मोर-कैरीवर बसलेला, दुसरीचा मोकळ्या वेलीवर. गिऱ्हाइकाला निवड मिळते.

आता कुठली यात्रा, ते आधी. आपल्या जिल्ह्यात यात्रा म्हटलं की लोहा तालुक्यातलं माळेगाव. खंडोबाची यात्रा, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते आणि तिथून पुढं चार-पाच दिवस माणसांचा आणि जनावरांचा नुसता समुद्र. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी बैल, कुस्त्या, लावणीचे फड. आंध्र, तेलंगण, कर्नाटकातून माणसं येतात. लातूरकडच्यांना महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा आहे. आणि आपल्या देगलूरच्या दारातच होट्टलचा महोत्सव असतो, जुन्या चालुक्यांच्या देवळांपाशी. तो यात्रेपेक्षा वेगळा. तिथं शहरातली माणसं गाणं ऐकायला, देवळं बघायला येतात, त्यांना सवड असते. माळेगावात सवड नसते. दुकान एकच, पण दोन्हीकडं चालवायची रीत निराळी.

माळेगावचं एक गणित ध्यानात ठेवा. देवस्वारीच्या दुसऱ्या दिवशी येळवस येते. त्या दिवशी आपल्याकडची बाई कुठं असते? शेतात. भज्जी, उंडे, आंबील, कोपीतली पूजा. त्यामुळं आसपासच्या गावच्या बाया त्या दिवशी यात्रेत कमी दिसतात, बाहेरगावचे मुक्कामी लोक जास्त असतात. येळवस उरकली की मग जीपा भरभरून बाया येतात. आम्ही त्या दिवशी आळीपाळीनं बसतो, कोन भरून ठेवतो आणि खरी ताकद पुढच्या दोन दिवसांसाठी राखतो.

जागेचं सांगतो. यात्रेत जागा ग्रामपंचायतीकडून घ्यायची आणि पावती घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. कुणीतरी येऊन म्हणतं, “अक्का, मी देतो लावून, दोनशे द्या.” त्याला म्हणायचं, पावती आण. बचत गटांसाठी सरकारी प्रदर्शनात गाळे मिळायची सोय असते का, ते पंचायत समितीत उमेदच्या तालुका कक्षात विचारा. तुमच्या प्रभाग समन्वयक ताईंना महिनाभर आधीच सांगून ठेवा. यात्रा चार दिवसांवर आल्यावर विचारलं तर गाळे वाटून झालेले असतात. जागा कासाराच्या, म्हणजे बांगडीवाल्याच्या शेजारी मिळाली तर सोनं. बाई बांगड्या भरायला हात पुढं करते, तोच हात मग आपल्याकडं वळतो. पाळण्यांच्या शेजारी नको, धूळ आणि आवाज फार. लावणीच्या फडाच्या रस्त्यावर तर मुळीच नको. तिथं संध्याकाळनंतर जी गर्दी असते ती मेंदी काढून घ्यायला आलेली नसते. आणि बायांनो, जागा बघताना आधी हे बघा की बायांचं स्वच्छतागृह किती लांब आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत मांडी घालून बसायचं आहे. पाणी कमी पिऊन दिवस काढला की तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. यात्रेहून पैसे आणायचे आणि डॉक्टरला द्यायचे, त्याला काय अर्थ?

सामान फार लागत नाही. ताडपत्री, चटई, दोन बुटकी स्टुलं, मांडीवर ठेवायला फळकूट आणि त्यावर उशी, म्हणजे गिऱ्हाइकाचा हात टेकतो आणि थरथरत नाही. चार्जिंगचा दिवा, कारण लाइट जाते. पाण्याचे दोन कॅन, साबण, जुन्या सुती साडीचे फडके. आणि पुठ्ठ्याचे बिल्ले, एकपासून चाळीसपर्यंत आकडे घातलेले. हे बिल्ले मामुली वाटतात, पण आमचं निम्मं दुकान त्यांच्यावर चालतं. बाई बिल्ला घेते, भांडी बघून येते, लेकराला पाळण्यात बसवून येते आणि तिचा नंबर आला की बसते. रांगेत ताटकळत उभी राहिली असती तर निघून गेली असती.

साबण कशाला, असं कुणी विचारेल. माळेगावात प्रत्येकाच्या हाताला भंडारा असतो! देवाला उधळलेली हळद, वरून थंडीत लावलेलं तेल नाहीतर व्हॅसलीन. अशा हातावर मेंदी काढली की रंग धरत नाही, मेंदी चामडीला भिडतच नाही. म्हणून आधी हात साबणानं धुवायचे, कोरडे पुसायचे, मगच कोन टेकवायचा. गिऱ्हाईक कुरकुरतं, “देवाचा भंडारा धुवायचा का?” आम्ही म्हणतो, कपाळावरचा राहू द्या, तळहाताचा तेवढा धुवा. त्यावर कुणी रागावत नाही.

आता मेंदीकडं येऊ, कारण सगळा जीव तिथं आहे.

आपल्या लहानपणी बांधावरच्या मेंदीचा पाला तोडून आणायचा, पाट्यावर वाटायचा, त्यात थोडा कात, चहाचं पाणी, लिंबू. मग तळहातावर मधोमध एक गोळा, बोटांना टोप्या आणि वरून फडकं बांधून झोपायचं. सकाळी लाल हात. नक्षी कुणाला ठाऊक होती! सीमेपलीकडच्या तेलुगू बाया तिला गोरिंटाकू म्हणतात आणि आषाढात आवर्जून लावतात. कानडी बाया मदरंगी म्हणतात. आम्ही पाटीवर ‘मेंदी’ लिहितो आणि खाली हे दोन्ही शब्दही लिहितो. आपला शब्द वाचला की परगावची बाई थबकते.

यात्रेसाठी ताजा पाला पुरत नाही, वस्त्रगाळ पावडर लागते. आपल्या देशात मेंदीचं मोठं पीक राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतला होतं, कोरड्या उष्ण हवेत. सोजतच्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. जशी आपल्याकडं वसमतच्या हळदीची ओळख, तशी तिची. पण दुकानदार सोजत सोजत म्हणून काय देईल याचा नेम नाही, म्हणून पावडर आधी पावशेरच आणायची, कालवून आपल्याच तळहातावर एक ठिपका तासभर ठेवायचा. पुसल्यावर नारिंगी डाग दिसला आणि दुसऱ्या दिवशी तो तपकिरी-लाल झाला, तरच बाकीची घ्यायची. पावडर हिरवीगार चकचकीत दिसली म्हणून भुलू नका. हिरवा रंग वरून घातलेलाही असतो.

कालवायची रीत अशी. शंभर ग्रॅम पावडर, त्यात लिंबाचा रस किंवा गार केलेला चहाचा काढा, दह्याइतकं घट्ट होईल एवढा. दोन चमचे साखर, म्हणजे मेंदी हाताला चिकटून राहते, पोपडे धरून गळत नाही. दोन-तीन चमचे नीलगिरीचं तेल, रंग खोल जायला. आणि झाकून ठेवायची. किती वेळ? इथं थंडीचं गणित येतं. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत रंग सुटतो. माळेगावची यात्रा पौषाच्या तोंडावर, कडाक्याच्या थंडीत. तेव्हा रात्रभर आणि वर अर्धा दिवससुद्धा लागतो. आम्ही डबा चुलीजवळ ठेवतो, चुलीवर नाही. वरचा थर तपकिरी आणि आतला हिरवा दिसला की समजायचं, रंग सुटला. मग जुन्या नायलॉनच्या ओढणीतून गाळायची. एक जरी काडी राहिली तरी ऐन नक्षीत कोन अडतो. सेलोफेनचे कोन वळायचे, पंचवीस-पंचवीस ग्रॅम भरायचे, चिकटपट्टी लावायची. शंभर ग्रॅम पावडरीत असे बारा ते चौदा कोन होतात. एका कोनात साध्या नक्षीचे चार-पाच हात निघतात. म्हणजे यात्रेला किलोभर पावडर पोटभर झाली.

अशी मेंदी टिकत नाही हे मात्र लक्षात असू द्या. बाहेर ठेवली तर दोन-तीन दिवसांत तिचा रंग उतरतो. म्हणून आम्ही सगळी एकदम कालवत नाही. रोज रात्री दुसऱ्या दिवसाची भिजवतो. बाजारातला कोन वर्षभर दुकानात लटकतो आणि तरी रंगतो, तेव्हा त्यात मेंदीशिवाय काय आहे, हा प्रश्न आपल्या मनात यायला पाहिजे.

आणि हाच आमच्या दुकानाचा रोजचा झगडा आहे. बाई येते, टेकते आणि पहिलं वाक्य, “अक्का, काळी होईल का? आमची जीप निघायली.” तिला अर्ध्या तासात काळाभोर हात हवा आहे. शेजारच्या पालावर तसा कोन आहे. पंधरा मिनिटांत धुवा, हात काळा. आमची मेंदी सांगते, चार-पाच तास ठेवा, पाणी लावू नका, उद्या रंग चढेल. सांगा, यात्रेत कोण थांबेल?

पण मैत्रिणींनो, मेंदीचा पाला काळा रंग देतच नाही. त्याच्यातलं जे रंगद्रव्य आहे, लॉसोन म्हणतात त्याला, ते चामडीच्या वरच्या थराला धरतं आणि नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत जातं. तेही एक-दोन दिवस हवा लागून. पंधरा मिनिटांत काळं करणाऱ्या कोनात बऱ्याचदा केसांच्या काळ्या डायमधलं रसायन असतं, पीपीडी नावाचं. तुमच्या घरात केस काळे करायची पुडी असेल तर तिच्यावरची सूचना वाचा. वापरण्याआधी थोडंसं लावून बघा, डोळ्यांच्या भुवयांना लावू नका, असं त्यावर छापलेलं असतं. आणि तेच रसायन आपण पाच-सहा वर्षांच्या लेकराच्या हातावर अर्धा तास बसवतो.

कुणाला काही होत नाही, कुणाला खाज सुटते आणि कुणाला तीन-चार दिवसांनी, कधी पंधरवड्यानंही, अगदी नक्षीच्याच रेषेवर फोड येतात. आमच्या ओळखीतल्या एका पोरीला लग्नाच्या घरात असा काळा कोन लावला होता. चौथ्या दिवशी मनगटावरची वेल फुगून आली, पाणी धरलं. फोड बसले, पण वेल पांढरट डागात उमटून राहिली, कितीतरी महिने. आणि वाईट हे, की शरीर एकदा त्या रसायनावर रुसलं की कायमचं रुसतं. पुढं चाळिशीत तिनं केसांना डाय लावला तर तोंड, डोळे सुजू शकतात. फोड आले तर हळद, चुना, राख काही लावू नका. साध्या पाण्यानं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, काय लावलं होतं ते सांगा, कोन उरला असेल तर तो सोबत न्या.

रॉकेल आणि पेट्रोलचंही तसंच. रंग उठावा म्हणून काही जण मेंदीत घालतात. कोन नाकाशी धरला की वास येतो. आम्ही गिऱ्हाइकाला आमचा कोन हुंगायला देतो. नीलगिरीचा, लिंबाचा, ओल्या पाल्याचा वास. दहातल्या सहा-सात बाया तो वास घेऊनच बसतात, “आमच्या आईच्या मेंदीला असाच वास यायचा,” म्हणतात. जाहिरात याहून मोठी कुठली?

तरी जीपेचा प्रश्न राहतोच. त्यावर आम्ही असं बसवलं आहे. जी मुक्कामी आहे तिला संध्याकाळी बोलवायचं. पालात शेकोटीपाशी बसून मेंदी वाळते, रात्रभर हातावर राहते, ऊबही मिळते आणि सकाळी असा रंग येतो की ती चार जणींना घेऊन येते. जिला जायचं आहे तिला भरगच्च हात काढायचाच नाही. तळहातावर एक चंद्र, बोटांची टोकं, बस. तळहाताची चामडी जाड, तिथं रंग लवकर आणि खोल धरतो. हाताच्या पाठीवर तो फिका येतो, हे आधीच सांगायचं. वाळत आली की कापसानं साखर-लिंबाचं पाणी टिपायचं, वर पातळ कागद लावून चिकटपट्टी. जीपमध्ये बसून घरी जाईपर्यंत दोन-तीन तास होतात की! हाताला चिठ्ठी द्यायची, लिहिलेली नाहीतर चित्रांची. पाण्यानं धुवू नका, खरवडून काढा, तेल लावा, आज नारिंगी दिसेल, परवा बघा. ती चिठ्ठी नसेल तर बाई घरी जाऊन नारिंगी रंग बघते आणि म्हणते, फसवलं.

लहान मुलांबद्दल आमचा नियम कडक आहे आणि त्यावरून आमच्याशी भांडणंही होतात. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला आम्ही मेंदी काढत नाही. तान्ह्या बाळाला तर कुणीही लावू नये, घरचीसुद्धा. काही बाळांना जन्मतः रक्तातलं एक द्रव्य कमी असतं, जी-सिक्स-पीडी म्हणतात. वरून कळत नाही. अशा बाळाच्या अंगाला मेंदी लावली तर रक्तपेशी फुटतात, कावीळ होते, जिवावर बेततं. शुद्ध मेंदीनंही. म्हणून बारशाला, छटीला पायाला मेंदी लावायची हौस आवरा. मोठ्या मुलांना नीलगिरी न घातलेला वेगळा कोन. गरोदर बाईलाही तोच. त्या कोनाला लाल दोरा बांधलेला असतो, म्हणजे गडबडीत अदलाबदल होत नाही. पोरांना मोर नको असतो, घोडा हवा असतो. माळेगावात घोडेच घोडे, त्यामुळं तळहातावर छोटा घोडा हे आमचं सगळ्यात चाललेलं चित्र आहे. पाच रेषा आणि एक शेपूट. दोन मिनिटांत पोरगं खूश.

नक्षीचा अल्बम ठेवा, पण बारा-पंधराच चित्रांचा, प्रत्येकावर भाव लिहिलेला. पन्नास चित्रं दाखवली की बाई अर्धा तास पानं उलटते. भाव लिहिलेला असला की घासाघीस कमी होते आणि मुख्य म्हणजे गरीब बाईला विचारायची लाज वाटत नाही. ती आपली गुपचूप वीस रुपयांच्या चित्रावर बोट ठेवते. होट्टलच्या महोत्सवासाठी आम्ही तिथल्या देवळाच्या भिंतीवरची वेलबुट्टी वहीत उतरवून घेतली आणि तीच मेंदीत काढतो. शहरातल्या पोरींना ते फार आवडतं. देऊळ बघतात, हात बघतात, फोटो काढतात. तिथं भावही जास्त घेता येतो आणि त्यात काही गैर नाही.

एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे. यात्रेत एक मावशी आल्या होत्या, सून आणि नात घेऊन. सुनेचा हात झाला, नातीचा घोडा झाला. मावशी आपल्या पदराखाली हात धरून बसलेल्या. आमच्यातली एक म्हणाली, मावशी, तुमचा हात द्या. त्या म्हणाल्या, “आम्हाला कशाला माय, आमचं झालं.” कपाळ मोकळं होतं. आम्ही आग्रह केला नाही. सून पैसे द्यायला उठली, तेव्हा मावशींनी हळूच उजवा हात पुढं केला आणि म्हणाल्या, “पाठीवर नको काढू. तळहातावर काढ, बारीक. मूठ मिटली की दिसत नाही.” आम्ही काढली. त्यांनी मूठ मिटून बघितली, उघडून बघितली, परत मिटली.

त्या दिवसापासून आमच्या पाटीवर ‘सौभाग्याचं लेणं’ वगैरे काही नसतं. नुसती ‘मेंदी’. कुणाचं कुंकू, मंगळसूत्र बघायचं नाही, कुणाला “कुणासाठी रंगवताय” अशी चेष्टा करायची नाही. मेंदीचा पाला काय नवऱ्याला विचारून रंगतो का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला की गावात विधवा प्रथा बंद, बांगड्या फोडणं बंद, कुंकू पुसणं बंद. त्यानंतर राज्य सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आपल्या गावच्या ग्रामसभेत हा विषय कधी निघाला का, ते विचारून बघा. ठराव होईल तेव्हा होईल, आपल्या चटईवर तरी बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता पैशाचं. मेंदी काढणारी बाई पैसे हातात घेऊ शकत नाही, म्हणून चौथी लागतेच. गटाच्या खात्याचा क्यूआर कोड लावा, कुणा एकीच्या नवऱ्याच्या खात्याचा नको. हे वाक्य आम्ही दोनदा म्हणतो, कुणा एकीच्या नवऱ्याच्या खात्याचा नको. यात्रेत मोबाइलचं नेटवर्क पार बसतं. “पाठवले” म्हणून मोबाइल दाखवणाऱ्याचं मन राखायचं, पण पेटीनं आवाज दिल्याशिवाय किंवा मेसेज आल्याशिवाय पैसे आले असं धरायचं नाही. दहा-वीसच्या सुट्या नोटा घरूनच न्या.

हिशोब कसा मांडायचा, तो नमुन्यादाखल सांगतो. आकडे समजुतीचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा तिघींनी दिवसाला पंचवीस-पंचवीस हात काढले, म्हणजे ७५. हातामागं सरासरी ४० रुपये धरले तर दिवसाचे ३,००० आणि चार दिवसांचे १२,०००. ऐकायला बरं वाटतं. आता खर्च. जागा १,२००, प्रवास ८००, जेवण-चहा १,६००, पावडर-तेल-सेलोफेन १,२००, ताडपत्री आणि दिव्याचं भाडं ८००. झाले ५,६००. उरले ६,४००. त्यातला दहावा भाग, ६४० रुपये, गटाच्या खात्यात. राहिले ५,७६०. चौघींचे चार-चार दिवस, म्हणजे सोळा दिवस. एका बाईच्या एका दिवसाला पडले ३६० रुपये. हा आकडा खरा. बारा हजार हा खरा आकडा नाही, तो गावात सांगायचा आकडा आहे. आणि हे ३६० रुपये तुमच्या भागातल्या रोजाशी लावून बघा, रात्री घराबाहेर राहिल्याचा त्रास त्यात धरा आणि मग ठरवा की भाव वाढवायचा की माणसं कमी न्यायची. मेंदीचा माल हातामागं फार तर चार रुपयांचा असतो. बाकी सगळी बाईच्या पाठीची, डोळ्यांची मजुरी आहे.

प्रवासात एक सोय आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट लागतं. देगलूरहून मुखेडकडनं जाताना सामान मोजकं असेल तर टेम्पो करायची गरज पडत नाही. ताडपत्री, बांबू तिथंच भाड्यानं मिळतात.

चौथीला वाटा किती, यावर गटात बरीच बोलाचाली झाली. काढणाऱ्या म्हणायच्या, बोटं आमची आखडतात. चौथी म्हणाली, शंभर माणसांशी मी बोलते, लेकरं मी धरते, दारुडा आला तर मी उठते, रात्री पैशाची पिशवी उशाशी मी घेते. आम्ही समान वाटा ठेवला. काही गट काढणाऱ्याला हातामागं वेगळे पैसे देतात. तेही चालेल, पण निघायच्या आधी ठरवा आणि गटाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. परतीच्या गाडीत ठरवायला गेलात तर गट तिथंच मोडतो.

ज्यांना नक्षी येत नाही त्यांनी घाबरू नका. आमच्यातली एक आधी फक्त रांगोळी काढायची. कोनात मेंदीऐवजी पातळ पीठ भरून तिनं काळ्या पाटीवर महिनाभर रेघा ओढल्या. सरळ रेघ, ठिपका, लाट, पान. एवढं साधलं की बाकीचं त्यातूनच निघतं. जिल्ह्याच्या आरसेटी केंद्रात तरुण पोरींसाठी फुकट प्रशिक्षण असतं, ब्युटी पार्लरच्या वर्गात मेंदीही शिकवतात का, ते विचारा.

दुकान दिवस मावळल्यावर तासा-दोन तासांत आवरायचं, कितीही गिऱ्हाईक असलं तरी. शेवटचा बिल्ला दिला की पाटी उलटी करायची. चौघींनी एकत्रच पालाकडं जायचं. शेवटच्या दिवशी उरलेली मेंदी टाकू नका. पण तो शिळा कोन कुणा गिऱ्हाइकाला विकूही नका, त्याला रंग येत नाही. ती घरी आणा, चहाच्या पाण्यात सैल करा. परतल्यावरच्या पहिल्या बैठकीत हिशोबाची वही उघडायच्या आधी आम्ही सगळ्या दहा जणी ती केसांना लावून बसतो आणि ती वाळेपर्यंत एकेक पावती वाचून होते.